"बाई, हात आवरत नाही" म्हणणाऱ्या बापाबरोबर काय काम करायचं?

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. चौथीतल्या मुलाच्या पाठीवर त्यांना पट्ट्याचे वळ दिसले. वडील बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. बोलावून घेतल्यावर ते उलट बोलले नाहीत. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बाई, हात आवरत नाही. मला थांबायचंय." बाई विचारतात: तक्रार करावी तर घर मोडेल, न करावी तर पोराचं काय? अशा आईबापांना समुपदेशनानं खरंच बदलता येतं का, आणि येत असेल तर त्यात नेमकं करतात काय?

बाई, बदलता येतं. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मी बरीच वर्षं कुटुंबांबरोबर काम करते आहे आणि हात थांबलेले बाप नि आया मी पाहिल्या आहेत. पण बाप रडला म्हणजे बदलला असं धरून चालू नका. मारून झाल्यावर वाईट जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. रात्री झोपलेल्या पोराच्या पाठीला तेल लावणारा बाप चार दिवसांनी पुन्हा पट्टा काढतो, आणि तेल लावताना तो नाटक करत नसतो. नुसत्या पश्चात्तापानं हात थांबत नाही. रागाच्या त्या दोन मिनिटांत मारायच्या ऐवजी काय करायचं, हे त्याच्या अंगवळणी पाडावं लागतं. ते पडेपर्यंत पोर सुरक्षित राहील याची जबाबदारी बापाखेरीज आणखी कुणीतरी घ्यावी लागते.

म्हणून आधी पोराचं बघू. तक्रार किंवा समुपदेशन यांतलं एक निवडायचं असं तुम्ही धरलंय, तसं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर चोवीस तास चालतो. तिथून किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून बातमी बाल कल्याण समितीपर्यंत जाते. बापाला तुरुंगात धाडणं हे या समितीचं काम नाही. मुलाला घरीच ठेवून, घरावर देखरेख ठेवून, आईवडिलांना समुपदेशनाला पाठवणं तिला करता येतं. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही खरं. हे बापाला धमकी म्हणून ऐकवू नका, पण लपवूही नका. माझा अनुभव असा की बाहेरचं कुणीतरी लक्ष ठेवून आहे हे ठाऊक असलेला बाप समुपदेशनाला टिकतो. नुसता शब्द देऊन गेलेला माणूस दोन भेटींनंतर दिसत नाही.

आपल्या भागातली एक अडचण इथंच सांगते. सरकारी कागद कन्नडमध्ये येतात. मराठी घरातली माणसं तो कागद बघूनच निम्मी घाबरतात आणि न वाचता सही करून मोकळी होतात. "वाचून दाखवा, मराठीत समजावून सांगा" असं म्हणायला कचरू नये, तो त्यांचा हक्क आहे. मुलाचं म्हणणं तर त्याच्याच बोलीत घेतलं गेलं पाहिजे. पोर "पप्पा मारूलालेत" म्हणालं तर तसंच लिहावं. तुम्ही त्याच्या बाई आहात, त्या वेळी शेजारी बसायची परवानगी मागा.

काही प्रकरणांत मात्र समुपदेशनापासून सुरुवात करायचीच नाही. चटके दिलेले, डोक्याला मार, गळा दाबलेला, विळा-कोयता उगारलेला, अगदी तान्ह्या पोराला गदागदा हलवलेलं, "जीव घेईन" अशी धमकी. अशा वेळी आधी दवाखाना, १०९८ किंवा ११२. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, तिथं समजुतीनं मिटवायला वाव नाही. पंचांना बोलावून, बापाला चार लोकांत समज देऊन सोडायची आपल्याकडची पद्धतही या कामाची नाही. चारचौघांत मान खाली घालावी लागलेला माणूस घरी गेल्यावर त्या अपमानाचं उट्टं कुणावर काढतो ते तुम्हाला माहीत आहे.

त्याच कारणानं "तुमच्या मुलानं मला सांगितलं" हे वाक्य बापासमोर कधी उच्चारू नका. "मी पाठ बघितली" म्हणा. आपण बघितलं, आपण विचारतोय. पोरानं चहाडी केली असं घरात झालं तर त्याच संध्याकाळी त्याला त्याची किंमत मोजावी लागते.

आता समुपदेशन. पहिल्या भेटीला येणारा बाप कुणीतरी पाठवलं म्हणून आलेला असतो. हाताची घडी, नजर दाराकडे. त्याला मारण्याचे दुष्परिणाम सांगत बसलं की तो मारण्याच्या बाजूची कारणं काढतो, आणि स्वतःच काढलेली कारणं त्याला आणखी पटत जातात. व्यसनी माणसांबरोबर काम करताना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये हेच मांडलं: बदलायची कारणं समुपदेशकानं बोलायची नसतात, समोरच्याच्या तोंडून यावी लागतात. म्हणून मी विचारते, "पोराकडून तुम्हाला काय हवंय?" फाउंड्रीतला असो, वीटभट्टीवरचा असो, गोव्याला गवंडीकामाला जाणारा असो, उत्तर बहुतेक एकच येतं: "शिकावा. माझ्यासारखं राबू नये." मग पुढचा प्रश्न: "मारल्यावर तो अभ्यासाला बसतो तेव्हा त्याचं लक्ष पुस्तकात असतं की तुमच्या हाताकडे?" इथं गप्प राहणं जमलं पाहिजे. बाप विचार करत असताना आपण बोललो की संधी गेली.

यात एक काटेकोरपणा लागतो. बापाला समजून घेताना माराला सूट द्यायची नाही. "दमला होतात म्हणून झालं असेल" हे वाक्य समुपदेशकाच्या तोंडी शोभत नाही. मी पहिल्याच दिवशी दोन्ही गोष्टी एका दमात सांगते: मारलंत ते चूक, त्याचा दोष पोराकडे अजिबात जात नाही, आणि तुम्ही थांबू शकता असं मला वाटतं, म्हणून मी इथं बसले आहे.

त्यानंतरचं काम म्हणजे शेवटचा मार मिनिटामिनिटानं उलगडणं. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून एक उदाहरण सांगते. वडगावातले एक माग चालवणारे वडील, मुलगा सहावीत. त्या दिवशी दुपारपासून वीज नव्हती, साडी मागावर अर्धवट, मालक वाट्टेल ते बोलला होता. घरी आले तर कन्नडच्या वहीत लाल रेघाच रेघा. बायको म्हणाली, "बघा तुमच्या लेकाचे प्रताप." इथपर्यंत ते नुसते वैतागलेले होते. मी विचारलं, हात नेमका कधी उठला? बराच वेळ आठवून म्हणाले, "तो हसला. मी बोलूलालो आणि तो हसला. मला जुमानत नाही म्हणून हसला." मी विचारलं, "दुपारी मालक ओरडत होता तेव्हा तुम्ही काय करत होता?" त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "मी पण हसत होतो."

त्या एका वाक्यात पुढच्या कितीतरी भेटींचं काम होतं. भ्यालेलं पोर हसतं, खाली बघतं, गप्प बसतं, खोटं बोलतं, आणि मारणारे आईबाप या प्रत्येक गोष्टीचा अर्थ "मुद्दाम करतोय" असा लावतात. अंथरूण ओलं झालं तर मुद्दाम. कन्नडची जोडाक्षरं चुकली तर मुद्दाम. घरात, गल्लीत सगळं मराठी आणि पेपर कन्नडचा, तर पोराला ते येत नाही इतकंच असतं. बापाची काळजीही खरी असते. कन्नड आलं नाही तर नोकरीत अडेल हे त्यानं स्वतः भोगलेलं असतं. ती काळजी मी खोडत नाही. "मुद्दाम करतोय" आणि "त्याला येत नाही" यांतला फरक ओळखायला शिकवते. रोज एकदा, पोराच्या एका चुकीबद्दल मनात आलेला पहिला विचार आणि मग दुसरा शक्य अर्थ, एवढंच. ज्यांना लिहिता येत नाही ते मोबाइलवर बोलून ठेवतात.

मार का सुटत नाही याचं आणखी एक साधं कारण आहे: त्याचा त्या क्षणी उपयोग होतो. ओरडलं, पोर थांबलं. पुढच्या वेळी नुसत्या ओरडण्यानं थांबत नाही, मग थप्पड. पुढे थप्पडही पुरत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरात बसून, निरीक्षणं नोंदवून हे चक्र मांडलं. आईबाप आणि मूल दोघंही एकमेकांना आणखी जोरात वागायला शिकवत जातात. हे समजलं की बापाला स्वतःची शरम वाटण्यापलीकडे काहीतरी हाती लागतं. चक्र कुठं तोडायचं ते त्याला दिसतं.

तोडायचं कसं, हे बोलून शिकवता येत नाही, करून घ्यावं लागतं. मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत एक पद्धत बसवली. त्यात आई किंवा बाप मुलाबरोबर खेळतात, समुपदेशक काचेपलीकडून बघतो आणि कानातल्या यंत्रातून त्या क्षणी सूचना देतो. मार्क चॅफिन आणि सहकाऱ्यांनी ओक्लाहोमात मुलांना मारणाऱ्या ११० पालकांवर ही पद्धत तपासून २००४ मध्ये निष्कर्ष छापले. साधारण ८५० दिवसांनंतर नेहमीच्या पालक-वर्गाला गेलेल्यांपैकी ४९ टक्क्यांविरुद्ध माराची पुन्हा तक्रार आली होती, या पद्धतीनं शिकलेल्यांपैकी १९ टक्क्यांविरुद्ध. हे आकडे मी प्रत्येक नवीन कार्यकर्त्याला सांगते, कारण आपल्याकडे अजूनही व्याख्यानालाच समुपदेशन समजतात.

आपल्याकडे काच नाही, यंत्र नाही. शाळा सुटल्यावर रिकामा वर्ग मिळतो, नाहीतर घरची पडवी. मी बापाच्या मागं जरा अंतरावर बसते. रोज दहा मिनिटं, पोर खेळेल ते खेळायचं. त्या दहा मिनिटांत हुकूम नाही, प्रश्न नाही, चूक काढायची नाही. पोर करतंय ते नुसतं बोलून दाखवायचं: "बैलाची शिंगं लाल केलीस." बापाला हे फार अवघड जातं. लाज वाटते, हात कुठं ठेवावा कळत नाही, दुसऱ्याच मिनिटाला तोंडातून निघतं, "शिंगं कुठं लाल असतात रे?" तेवढ्यात मागून मी हळूच म्हणते, "फक्त बघा, दिसतंय ते सांगा." काही आठवड्यांनी पोर बापाकडे सरकून बसायला लागतं आणि ते बापाला दिसतं. माझ्या बोलण्यापेक्षा त्याला तेच पुढं नेतं.

हे पक्कं झाल्यावरच शिस्तीकडे वळायचं, आधी नाही. सूचना एका वेळी एकच, जवळ जाऊन, पोराला जमेल अशी. मग गप्प राहून थांबायचं. ऐकलं तर लगेच तसं म्हणायचं. नाही ऐकलं तर आधीच सांगून ठेवलेला लहानसा परिणाम: आज मोबाइल नाही, सायकल नाही. जेवण तोडायचं नाही, घराबाहेर उभं करायचं नाही.

रागाची तयारी वेगळी करावी लागते. प्रत्येकाला हात उठायच्या आधीची खूण असते. कुणाचे कान तापतात, कुणी दात आवळतो. खूण जाणवली की उंबऱ्याबाहेर जायचं, बायकोला आधी ठरलेलं वाक्य सांगून: "मी चौकात जाऊन येतो, पंधरा मिनिटांत परत." तिनं त्या वेळी टोमणा मारायचा नाही की अडवायचं नाही, हे तिच्याशी वेगळं बोलून ठरवलेलं असतं. वाट दारूच्या दुकानावरून जात नाही ना, तेही बघते. आणि दारामागचा फोक, खुंटीवरचा पट्टा यांचं काय करायचं ते त्यालाच ठरवायला लावते. मी काढून घेतला तर तो दुसरा आणेल.

"आम्हाला मारलं म्हणूनच आम्ही माणसात आलो" हे वाक्य येतंच. त्यावर वाद घालत नाही. ओळख झाल्यावर, पहिल्या भेटीत नव्हे, विचारते, "मार चुकवायला तुम्ही कुठं लपायचात?" माणसं जागा अचूक सांगतात: गोठा, माळा, आजीच्या मागं. बाल-मनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांचं म्हणणं होतं की लहानपणी काय झालं एवढंच आठवणारे आईबाप तेच पुढं करतात; तेव्हा काय वाटलं होतं हे आठवणारे बहुधा करत नाहीत. मला ते इथल्या घरांतही पटत आलं आहे. मात्र ही आठवण कारण म्हणून वापरू द्यायची नाही. त्याच भेटीत विचारायचं, "तुमचं पोर कुठं लपतं?"

आयांबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे, कारण मार फक्त बाप देत नाहीत. निपाणीकडे घरात विड्या वळणारी आई मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसलेली असते. पोरानं धक्का दिला, जर्दा सांडला, संध्याकाळी विड्या छाटात, म्हणजे नापास म्हणून बाजूला, गेल्या तर मजुरी तिची कापली जाते. ती पोराला हातात येईल त्यानं मारते. तिलाही मी चूक ते चूकच म्हणते. पण आधी तिला एकटीला गाठून विचारते की तिला कोण मारतं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला नवऱ्याशेजारी बसवून पालकत्वाचे धडे द्यायचे नसतात. तिच्यासाठी १८१ हा महिलांचा मदत नंबर आहे, अडचणीतल्या बायकांसाठीचं सखी केंद्र आहे. तिची झोप गेली असेल, जगणं नकोसं झालं असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं. पुष्कळदा आईवरचा मार थांबल्यावर पोरावरचा निम्मा कमी होतो.

दारू असेल तर तिचा इलाज बरोबरीनं चालला पाहिजे. आपल्याकडून गोवा जवळ, तिथली स्वस्त बाटली परतीच्या पिशवीतून घरी येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत थोडं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी, डॉक्टर नसताना, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना मोजक्या भेटी दिल्या. २०१७ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत ३६ टक्के पुरुष त्या पातळीबाहेर आले होते. ज्यांना त्या भेटी नव्हत्या त्यांच्यात २६ टक्के. मात्र बायकोवरच्या हिंसेत फरक दिसला नाही. म्हणून "दारू सुटली की सगळं नीट होईल" यावर मी विसंबत नाही. दारू वेगळी सोडवावी लागते, हात वेगळा.

माफी सगळ्यांत शेवटी. बापांना ती सगळ्यांत आधी हवी असते, कारण माफी मागितली की विषय संपतो. पोराला सायकल आणायची, जत्रेला न्यायचं, पाया पडायचं, हे सगळं मी थांबवते. आधी तो काय बोलणार ते माझ्याकडे लिहून किंवा बोलून दाखवतो. "चुकलं, पण तू पण ऐकत नाहीस" यातलं "पण" गाळेपर्यंत ते वाक्य पोरापर्यंत जात नाही. काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, दोष तुझा नव्हता हे सांगायचं, आता घरात काय बदललंय ते सांगायचं. पोरानं माफ केलंच पाहिजे असं नाही. ते म्हणालं, "मला भीती वाटते," तर बापानं ऐकून घ्यायचं. हे जमलेल्या बापाबद्दल मला आशा वाटते.

बदल झाला की नाही, हे बापाला विचारून कळत नाही. बायकोला वेगळं विचारायचं. पोराला बघायचं: मोटारसायकलचा आवाज आल्यावर ते काय करतं, वही दाखवायला घरी नेतं का, शाळेत दुसऱ्या पोरांना मारणं कमी झालं का. मधे एकदा पुन्हा हात उठण्याची शक्यता धरूनच चालते. उठला तर त्याच दिवशी कळवायचं असं सुरुवातीलाच ठरलेलं असतं, आणि सुरक्षिततेचा विचार आम्ही पुन्हा पहिल्यापासून करतो. काही महिने लागतात. काही आईबाप बदलत नाहीत. तेव्हा मुलाला आजीकडे, मामाकडे ठेवायची वेळ येते. ते समितीमार्फत करावं आणि पोराला स्पष्ट सांगावं की ही त्याला शिक्षा नाही. न सांगता कोल्हापूरला मामाकडे धाडलेली पोरं "मी वाईट म्हणून मला काढलं" असंच समजून बसतात.

तुमच्या या प्रकरणात, बाई, मी असं करीन. वळ कुठं, कसे, कधी दिसले ते तारखेसह लिहा आणि वही कुलपात ठेवा. मुख्याध्यापकांना सांगा, १०९८ ला कळवा, आणि वडील बदलायला तयार आहेत, समुपदेशनाची सोय व्हावी, हेही त्याच वेळी सांगा. वडिलांना तुम्ही स्वतःच सांगा की कळवलं आहे आणि का. ते दुसऱ्याकडून समजू देऊ नका, पण त्या रात्री पोर कुठं असेल ते आधी बघून मगच सांगा. त्याच्या आईला शाळेच्या कामाच्या निमित्तानं एकटीला बोलावून घ्या. आणि दसऱ्याची सुट्टी लागायच्या आत वाडीतलं एक घर ठरवा, जिथं ते पोर कुठल्याही वेळी जाऊ शकेल. त्या घरातल्या बाईशी तुम्ही बोलून ठेवा, आणि मग पोराला ते घर दाखवा.